हिवाळ्याचा लेप

साओ फ्रान्सिस्को नदीच्या काठावर
वेल झोपत नाही. कशी झोपेल?
बारा महिने तेच ऊन,
तोच थेंबाथेंबानं मुळं ओली ठेवणारा पाइप.
पान गाळायला तिला निमित्तच नाही.

म्हणून पहाटे साडेचारच्या बसनं आम्ही जातो
आणि छाटतो.
उरलीसुरली पानं हातानं ओरबाडतो,
काडी उघडी करतो,
मग मागून जेनिवाल्दो येतो रोलर घेऊन,
डोळ्या-डोळ्याला लेप लावत,
निळा, उग्र वासाचा.
वेलीला वाटावं, थंडी येऊन गेली.
ऊठ बाई, सरला हिवाळा.

ती उठते.
वर्षातून दोनदा फसते, दोनदा फळते.

लेप लावणाऱ्यानं आठवडाभर दारूला शिवायचं नसतं.
जेनिवाल्दो जूनच्या जत्रेत शेकोटीपाशी
एक घोट बिअर प्यायला (एकच, म्हणतो तो)
आणि तोंड असं लालभडक, छातीत अशी धडधड
की बायकोनं डॉक्टरच्या आधी पाद्र्याला बोलावलं.
आता तो नारळपाण्यावर नाचतो.
आम्ही हसतो. तोही हसतो, जरा उशिरा.

झानोत्तोसाहेब दक्षिणेकडचे.
त्यांच्या आजोबांच्या मळ्यात वेल आपली आपण झोपायची,
काळ्या काठीसारखी,
आणि सकाळी गवतावर दंव गोठून मीठ झालेलं.
एकदा डबा खाताना म्हणाले,
लिन्दिनाल्वा, तू हिवाळा पाहिलायस कधी?
पाहिलाय की, म्हटलं. चांगले असे तीन.
आमच्या रानात हिवाळा म्हणजे पाऊस.
शब्द तोच, तुमचाच. इन्व्हेर्नो.
तो आला की पांढरं पडलेलं काटेरी जंगल
आठवड्यात ओळखू येत नाही.
नाही आला, तर निवडुंगाचे काटे जाळून
तेच गुरांपुढं टाकायचं.
साहेब चावायचे थांबले.
मग कसाव्याच्या पिठाची डबी
माझ्याकडं सरकवली.

विरळणी बायकांची. हात वर, मान मागं,
बोथट टोकाची कात्री.
घडातले निम्मे मणी हिरवे असतानाच खाली पडतात,
उरलेल्यांना जाड व्हायला जागा हवी म्हणून.
अठरा मिलिमीटरचं कडं असतं आमच्याकडं.
त्यातून जो घसरला
तो रॉटरडॅमला जात नाही.
माझ्या मुलीनं ते एकदा बोटात घालून बघितलं.

पावसाच्या दिवसांत पीक आणू नये
हे शेंबडं पोरही सांगेल.
पण यंदा मालकाला ईस्टरचा भाव दिसत होता.
नोव्हेंबरात छाटलं, मार्चमध्ये साखर सतरावर,
खोकी जोडून तयार.
संत जोसेफच्या आदल्या रात्री
पत्र्यावर पहिल्यांदा वाजलं
तेव्हा मी अंथरुणात उठून बसले,
आणि लहानपणीच्या सवयीनं
आधी आनंदच झाला.

सकाळी मांडवाखाली मणी उकलले होते.
आमच्या आधी मधमाश्या पोचल्या होत्या.
झानोत्तोसाहेब ओळींमधून नुसते चालत राहिले,
बुटांना चिखल, हात पाठीमागं.
आम्ही फुटका मणी शोधत, कापत,
बोटं चिकट, चिमटे बसावेत तशी.

अकराला एप्रनच्या खिशात फोन थरथरला.
आई. एकशेवीस किलोमीटरवरून, ओरडत:
हिवाळा आला गं! टाकं भरतंय!
चवळी पेरायला घेतली, तुझा भाऊ मक्याचं बी आणायला गेलाय!
तुमच्याकडं पडला का?

पडला.

किती?

जेनिवाल्दो माझ्याकडं बघत होता.
भरपूर, म्हटलं. भरपूर पडला, आई.
आणि फोन खांद्यात धरूनच
पुढच्या घडाला कात्री लावली.